निर्जन बेट, एक चाकू आणि आमचे जावईबापू

या दिवाळीत लेक, जावई आणि नातू आठ दिवस राहून गेले. नातू नववीत आहे. दुपारची जेवणं झाली की बापलेक माडीवर पंख्याखाली आडवे व्हायचे आणि एकच चर्चा चालायची. विषय काय, तर निर्जन बेटावर एकटं अडकलो आणि बरोबर एकच चाकू नेता आला, तर तो कुठला न्यायचा? मी खाली ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. वरून शब्द कानावर यायचे. स्टीलचे नंबर, हार्डनेस, फुल टँग, सॉबॅक. मला आधी वाटलं ऑफिसचं काही चाललंय.

चौथ्या दिवशी कुरियर आलं. काळाकुट्ट चाकू. वीतभर पातं, पाठीवर करवतीसारखे दात, मूठ पोकळ, आत आगकाड्या, गळ आणि दोरा, आणि मुठीच्या झाकणात चक्क होकायंत्र! किंमत मी विचारली नाही, लेकीने सांगितली. ऐकून मी हातातलं सूप खाली ठेवलं.

नातू म्हणाला, "आजी, हा घेऊन बेटावर गेलं ना, तर माणूस कितीही वर्षं राहील."

मी म्हटलं, "अरे वा. आणि याची धार गेली की काय करायचं?"

यावर नातू बापाकडे बघायला लागला. जावईबापू म्हणाले, "आई, त्याचं स्पेशल शार्पनर मिळतं ना. मागवता येतं."

"बेटावर?"

मग सगळेच हसलो. आमचे जावई भले गृहस्थ आहेत, स्वतःवर हसता येतं त्यांना. पण हसून माझा विषय संपला नाही. ते गेल्यावरही डोक्यात भुंगा राहिला. नंतर पाहिलं तर आपल्या ओळखीच्या दोन-तीन ब्लॉगर मंडळींनीही "बेटावर नेण्याच्या वस्तू" अशा याद्या लिहिलेल्या, आणि प्रत्येक यादीत पहिला चाकू, तोही कंपनी आणि मॉडेलसकट. म्हणून हा लेख. थोडा कडक आहे. नातेवाईकांनी मनावर घ्यावा.

माझं म्हणणं सरळ आहे. "कुठला चाकू?" हा प्रश्न अर्धवट आहे. चाकू बोथट होतो, झिजतो, मोडतो, पाण्यात पडतो. त्यानंतर तुमच्या हाताला काय येतं, यावर चाकूची निवड ठरते. ज्याला चाकू राखता येत नाही आणि गरज पडली तर दुसरा करता येत नाही, त्याने कुठलाही नेला तरी सारखाच. तो थोडे दिवस चाकूवाला आणि नंतर बिनचाकूवाला.

मी चौतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. हवेतलं बोललेलं मला आवडत नाही. तेव्हा बेटावर खरोखर राहिलेल्या तीन माणसांकडेच जाऊ या.

पहिला माणूस मी मुद्दाम माझ्या विरोधातला घेते, म्हणजे पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको. फिलिप ॲश्टन हा अमेरिकेतल्या मार्बलहेडचा तरुण कोळी. १७२२ साली एडवर्ड लो नावाच्या चाच्याने त्याला पकडलं. १७२३ च्या मार्चमध्ये चाच्यांचं जहाज होंडुरासच्या किनाऱ्याजवळच्या रोआतान बेटाशी थांबलं असताना पाणी भरायच्या निमित्ताने तो उतरला आणि रानात पळाला. जवळ काही नाही. चाकू नाही, विस्तव नाही. बेटावर जनावरं होती, कासवं होती, पण मारायला, कापायला, भाजायला साधन नव्हतं. फळं आणि कासवाची अंडी यांवर त्याने दिवस काढले. साधारण नऊ महिन्यांनी एक इंग्रज माणूस होडीतून तिथे आला, तीन दिवस त्याच्याबरोबर राहिला, शिकारीला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. त्याचं जे सामान मागे राहिलं त्यात एक चाकू होता आणि विस्तव पेटवायची गारगोटी होती. त्या दिवसापासून ॲश्टनचं जगणं बदललं. आता कासव कापता येऊ लागलं, भाजून खाता येऊ लागलं. सुमारे सोळा महिने त्याने त्या बेटावर काढले आणि पुढे त्याची सुटका झाली.

म्हणजे चाकू हवाच. यात वाद नाही. रिकाम्या हाताच्या ज्ञानालाही बेटावर फारशी किंमत नाही, हे मी आधीच कबूल करते. पण नीट बघा, त्या इंग्रजाच्या चाकूची कंपनी कुठली होती, पोलाद कुठलं होतं, पातं किती इंचाचं होतं, याने काय फरक पडला असता? तो पातं असलेला चाकू होता आणि समोर समुद्रावर वाढलेला कोळ्याचा हात होता. एवढं पुरलं.

दुसरा माणूस माझा सगळ्यात लाडका. त्याचं नाव विल. हे इंग्रजांनी ठेवलेलं नाव, त्याचं स्वतःचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या मिस्किटो जमातीचा हा माणूस. इंग्रज दर्यावर्दी या जमातीच्या माणसांना मासेमारीसाठी बरोबर नेत. १६८१ च्या जानेवारीत चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ६७० किलोमीटरवरच्या हुआन फर्नांडेझ बेटांवर ही मंडळी उतरली असताना स्पॅनिश जहाजं दिसली. इंग्रज घाईघाईने निघून गेले. विल तेव्हा रानात बकऱ्यांच्या मागे होता. तो तिथेच राहिला. एकटा, तीन वर्षांहून जास्त.

त्याच्याजवळ काय होतं? एक बंदूक, थोडी दारू, थोड्या गोळ्या आणि एक चाकू. दारू संपली. मग बंदूक म्हणजे नुसती नळी. आपण काय केलं असतं? कपाळाला हात लावून बसलो असतो. विलने चाकूच्या धारेला खाचा पाडल्या आणि त्याची करवत केली. त्या करवतीने बंदुकीची नळी कापून तुकडे केले. विस्तव पेटवायलाही बंदुकीचीच गारगोटी आणि नळीचाच एक तुकडा वापरला, तो तुकडा कडक करून घ्यायची युक्ती तो इंग्रजांकडून शिकला होता. मग विस्तवात लोखंड लाल करून, दगडांनी ठोकून त्याने भाले केले, मासे मारायचे हार्पून केले, गळ केले आणि एक लांब सुरी केली. सीलच्या कातड्याच्या वाद्या कापून माशांसाठी दोऱ्या केल्या. १६८४ च्या मार्चमध्ये विल्यम डॅम्पियर ज्या जहाजावर होता ते जहाज पुन्हा त्या बेटाशी आलं, तेव्हा विलने लांबूनच ओळखलं की जहाज इंग्रजांचं आहे, आणि पाहुण्यांसाठी तीन बकऱ्या मारून रांधून ठेवल्या! संकटात सापडलेला तो आणि जेवायला घालणाराही तोच.

डॅम्पियरने हे सगळं आपल्या १६९७ च्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय आणि वर एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. यात आश्चर्य वाटायचं कारण नाही, असं तो म्हणतो. ही माणसं घरीही आपली मासेमारीची हत्यारं अशीच करतात, ना भाता ना ऐरण, फक्त वेळ खूप लागतो. म्हणजे विलने बेटावर काही नवीन शोध लावला नाही. घरी जे बघितलं, केलं, तेच बेटावर केलं.

आता सांगा, विलने कुठला चाकू नेला होता? साधा. त्याच्या चाकूला पाठीवर दात नव्हते. लागले तेव्हा त्याने पाडून घेतले.

तिसरा माणूस तुम्हाला माहीत आहे. अलेक्झांडर सेलकर्क, स्कॉटलंडचा. १७०४ साली कप्तानाशी भांडण झालं. सेलकर्कचं म्हणणं, हे जहाज सडलेलं आहे, यातून पुढे जाण्यापेक्षा मी इथेच उतरतो. कप्तानाने त्याला त्याच हुआन फर्नांडेझच्या बेटावर उतरवलं. (जहाज पुढे बुडालंच, सेलकर्कचं खरं निघालं.) त्याच्याकडे अंथरूण, कपडे, बंदूक, दारूगोळा, कुऱ्हाड, चाकू, किटली, बायबल असं बरंच सामान होतं. चार वर्षं चार महिने तो तिथे राहिला. १७०९ च्या फेब्रुवारीत वुड्स रॉजर्सच्या जहाजाने त्याला सोडवलं. पुढे १७१९ साली डॅनियल डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो' ही कादंबरी आली, तिच्यामागे सेलकर्कची गोष्ट होती असं सर्रास मानतात. १९६६ साली चिलीने त्या बेटाचं नावच रॉबिन्सन क्रूसो बेट ठेवलं.

रॉजर्सने सेलकर्कबद्दल १७१२ साली जे लिहिलं त्यातला चाकूचा भाग वाचण्यासारखा आहे. चाकू वापरून वापरून पाठीपर्यंत झिजला, तेव्हा त्याने जहाजांनी किनाऱ्यावर टाकून दिलेल्या लोखंडी पट्ट्या गोळा केल्या. पिंपांना कड्या असतात ना, तसल्या. त्या ठोकून पातळ केल्या, दगडावर घासून धार काढली आणि नवे चाकू केले. कपडे फाटले तेव्हा बकऱ्याच्या कातड्याचे कपडे शिवले, सुईच्या जागी खिळा. आणि सेलकर्कचे वडील काय करत? चांभारकाम आणि कातडी कमवायचं काम. बापाच्या दुकानात पोर काय बघत मोठं झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

एकाने चाकूला खाचा पाडून बंदूक कापली, दुसऱ्याने पिंपाच्या पट्टीचे चाकू केले. बेटावर टिकला तो चाकू नव्हता. टिकला तो चाकू करणारा हात.

आता जावईबापूंच्या खरेदीकडे वळते. (वाचताय ना?)

पोकळ मुठीचा, पाठीवर दात असलेला हा जो प्रकार आहे, त्याची हौस १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' या सिनेमाने लावली. तो चाकू जिमी लाइल नावाच्या अमेरिकन कारागिराने बनवला होता आणि त्याने मन लावून केला असणार. पण त्याच्या नकला बाजारात आल्या त्यांचं काय? मूठ पोकळ ठेवायची म्हणजे पातं मुठीत खोलवर जात नाही, तोंडाशीच कुठेतरी अडकवलेलं असतं. लाकडावर चार घाव घातले की मूठ तुमच्या हातात आणि पातं झुडपात. चांगल्या चाकूचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असतं, त्यालाच हे लोक फुल टँग म्हणतात. माडीवर चार दिवस फुल टँग, फुल टँग जप केला आणि घेतला पोकळ!

पाठीवरचे दात. अमेरिकन हवाई दलाच्या वैमानिकांच्या चाकूला असे दात असायचे, ते पडलेल्या विमानाचा पत्रा कापून बाहेर पडता यावं म्हणून. ओलं लाकूड त्यांनी कापून बघा, दात रुतून बसतात. शिवाय पाठीवर दात असले की लाकूड चिरताना पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकता येत नाही, आणि अंगठा टेकवून बारीक काम करता येत नाही.

होकायंत्र. पोलादी पात्याला चिकटून होकायंत्र ठेवणारा माणूस शाळेत चुंबकाच्या धड्याला गैरहजर असणार. आणि निर्जन बेटावर उत्तर दिशा कळून तुम्ही जाणार कुठे?

पोलादाचे नंबर. कडक पोलादाची धार जास्त टिकते हे खरं. पण तेच गेलेल्या धारेला साध्या दगडावर पुन्हा यायला कंटाळा करतं, आणि ठोकरलं तर कपचा उडतो. बेटावर दगड मिळतील, कंपनीचं शार्पनर मिळणार नाही. तेव्हा दगडावर निसता येईल इतपतच कडक हवं. स्टेनलेसबद्दल एक मात्र मान्य करते. खाऱ्या हवेत साधं पोलाद गंजतं आणि क्रोमियमवालं टिकतं, हा जावईबापूंचा मुद्दा बरोबर आहे. पण आम्ही कोकणात जन्म काढला. पावसाळ्यात विळी पुसून, खोबरेलाचं बोट फिरवून ठेवतो. माझ्या सासूबाईंची विळी अजून वापरात आहे. पातं झिजून चंद्रकोरीसारखं झालंय, गंजलेलं नाही. बेटावर खोबरेल नसेल तर बकऱ्याची चरबी असेल. गंजावर उपाय म्हणजे रोजचा हात.

आणि एक बोलू का? चाकूवर तासन्‌तास बोलणाऱ्या या मंडळींपैकी किती जणांनी घरात रोज भाजी चिरली आहे? जी बाई पन्नास वर्षं रोज विळीवर बसते तिला कुणी विचारत नाही की पातं कसं असावं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे नाचायला उभं राहायच्या आधीच अंगणाची खरेदी चाललीय.

इथपर्यंत सगळं दुसऱ्यांना बोलले. आता स्वतःला बोलायचं आहे, आणि तेच लिहायला जड जातंय.

१९८६-८७ सालची गोष्ट. आमच्या शाळेत अचानक दप्तरं तपासायची पद्धत होती. आठवीच्या एका मुलाच्या दप्तरात मला चाकू सापडला. लोहाराचा मुलगा. अभ्यासात बेताचा, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा. चाकू करवतीच्या तुटक्या पात्याचा होता, लाकडी मूठ, तिला सुतळी घट्ट गुंडाळलेली. मी तो जप्त केला, वर्गासमोर दोन छड्या दिल्या आणि वडिलांना बोलावून घेतलं.

वडील भट्टीवरून तसेच आले. बस म्हटलं तरी बसले नाहीत. मी त्यांना बरंच सुनावलं. मुलाला भट्टीवर बसवू नका, अभ्यास करू दे, नाहीतर आयुष्यभर घण मारत राहील, वगैरे. ते मान खाली घालून ऐकत होते. जाताना एवढंच म्हणाले, "बाई, परत असं होणार नाही." आणि दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "धार मात्र त्याची त्यानंच काढलीय." मला वाटलं गुन्ह्याची कबुली देतायत. तो माणूस मला पोराचं कौतुक सांगत होता, हे माझ्या लक्षात यायला कित्येक वर्षं गेली.

त्याच आठवड्यात मी आठवीला औद्योगिक क्रांती शिकवत होते. इंग्लंडातल्या लोखंडाबद्दल फळ्यावर मुद्दे लिहून देत होते. आणि माझ्या वर्गात एक तेरा वर्षांचा मुलगा होता, ज्याने टाकाऊ पोलादाचं हत्यार केलं होतं, म्हणजे सेलकर्कने केलं तेच. त्याला मी एक प्रश्न विचारला नाही की, "बाळ, हे कसं केलंस रे?"

शाळेत पातं आणू नये हा नियम चूक होता असं मी म्हणत नाही. चाकू काढून घेतला ते ठीकच. पण जप्त मी फक्त चाकू केला नाही. आणि शाळेने त्या बदल्यात त्याला काय दिलं? १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हातकामातून शिक्षणाची योजना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव हा शब्द दिला. आणि आम्ही त्या तासाला काय करून घेतलं? कागदी फुलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरं. वहीत शेरा 'छान'. गणिताचा पोर्शन मागे पडला की पहिला तास कापायचा तो हाच. हे मी कुणा अधिकाऱ्याबद्दल सांगत नाही. तास मीच दिलेले आहेत गणिताच्या सरांना.

दहाएक वर्षांपूर्वी तो मुलगा मला एसटी स्टँडवर भेटला. स्वतःचा टेम्पो आहे, दोन मुली आहेत, वाकून नमस्कार केला. मी भट्टीची चौकशी केली. वडील गेल्यावर बंद झाली म्हणाला. मी म्हटलं, "मला एक सुरी करून देशील? पैसे देईन." हसला. "आता नाही यायचं, बाई. लोखंड कधी बाहेर काढायचं, पाणी कधी पाजायचं, ते बाबांना रंगावरून कळायचं. माझं शिकायचं राहिलं." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो चाकू आठवतो का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. चाकू केव्हाच भंगारात गेलेला आहे.

आता हरकती येतील, त्या मीच घेते.

पहिली हरकत लेकीची. "आई, त्या मुलाला भट्टीतून बाहेर पडता आलं हे चांगलंच नाही का झालं?" चांगलं झालं. जन्माने मिळालेलं काम पिढ्यान्‌पिढ्या रेटत राहणं, धूर खाणं आणि वर गावाने बाहेर उभं ठेवणं, यातून सुटका हवीच होती. मी त्या जुन्या गावगाड्याचे गोडवे गात नाही. पण कला त्याच्यासाठी सुटली ती सुटलीच, आणि बाकीच्या एकोणचाळीस मुलांना कुणी शिकवलीच नाही. मुलगा भट्टीतून बाहेर यावा आणि भट्टीतलं ज्ञान शाळेत यावं, असं व्हायला हवं होतं. झालं ते फक्त पहिलं.

दुसरी हरकत गंभीर आहे. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द वारंवार वाचते. सोळा-सतरा वर्षांची पोरं कोयते नाचवत फिरतात, माणसं मारतात. अशा दिवसांत ही म्हातारी पोरांच्या हाती पातं द्या म्हणते? माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. ज्याने कोयत्याने लाकूड फोडलं तो माणसावर उगारणार नाही, असली हमी मी देऊ शकत नाही. एवढंच सांगते की आमच्याकडे घराघरातले पुरुष कमरेला आकडी आणि आकडीत कोयता अडकवून रानात जात, आणि तो बघून कुणी रस्ता बदलत नसे. कोयता कामाचा होता. पात्याचं काम काढून घेतलं की मागे दोनच गोष्टी उरतात, एक भीती आणि दुसरी मिरवण्याची हौस. गँगवाले भीती विकत घेतात, आपण मिरवण्याची हौस. काम दोघांनाही येत नाही.

तिसरी हरकत, आपण कुठे बेटावर जाणार आहोत? खरं आहे. मीही जाणार नाही, गुडघे दुखतात. पण मग खरेदी तरी कशाची करता? हा चाकू घेताना मनात एकच असतं, की वस्तू घेतली म्हणजे धीर आला. शिकायची कटकट नको. डिफोच्या क्रूसोला फुटलेल्या जहाजावर पैसे आणि चाकू दोन्ही सापडतात, तेव्हा तो पैशांना म्हणतो की या ढिगापेक्षा एक चाकू मोलाचा. (आणि तरी पैसे उचलतोच, लबाड!) तीनशे वर्षांनी आपण एक पाऊल पुढे गेलो. चाकूच पैशासारखा वापरायला लागलो, कपाटात ठेवायला.

तर माझं उत्तर. एकच न्यायचा तर वीतभर पात्याची, सरळ धारेची, जाड पाठीची सुरी. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. मूठ लाकडाची, म्हणजे फुटली तर बेटावर दुसरी करता येईल. होकायंत्र नको, दात नकोत. आणि जाण्याआधी निदान वर्षभर ती रोज वापरलेली आणि स्वतः धार लावलेली असावी. नवी कोरी सुरी बेटावर नेऊ नये, जशी नवी चप्पल घालून वारीला जाऊ नये.

हे सगळं नातवाला सांगून झालं तेव्हा म्हणाला, "मग मला शिकव ना." मागल्या दारी धुण्याच्या दगडाशेजारी बसवला, निसणा ओला केला आणि स्वयंपाकघरातली जुनी सुरी दिली. पाठ दगडापासून थोडीशी उचलायची, तोच कोन धरून शेवटपर्यंत न्यायची, दोन्ही बाजूंना सारखे हात. एका बाजूने पुरेसं घासलं की पलीकडे धारेचा बारीक काठ वळतो, तो बोटाला खरखरीत लागतो, लागला की बाजू बदलायची. पहिल्या दिवशी तासाभराने कागद कापायला घेतला तर फाटला. दुसऱ्या दिवशी अर्धा कापला. तिसऱ्या दिवशी अंगठ्याला लागलं. लेकीने माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही. हळद लावून पोरगा पुन्हा बसला. जायच्या दिवशी टोमॅटोची चकती काढून मला दाखवली, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. त्या कार्ट्याला नववीच्या कुठल्या निकालाने एवढा आनंद झालेला मी बघितलेला नाही.

जाताना जावईबापूंनी काही न बोलता निसणा बॅगेत टाकला. काळा चाकू इथेच विसरून गेलेत. मुद्दाम की चुकून, विचारलं नाही. त्यातल्या आगकाड्या मात्र कामाला आल्या, परवा लाइट गेले होते.

असो. फार लिहिलं. ज्यांनी बेटाच्या याद्या लिहिल्यात त्यांना एवढीच विनंती, पुढची यादी करण्याआधी घरातली सगळ्यात बोथट सुरी दगडावर निसून बघा आणि किती वेळ लागला ते मला कळवा. खोटं सांगू नका, आयुष्यभर पेपर तपासलेत मी. :)